कलम आणि बीज

‘थंडर इन दि सन’ हा १९५९ सालचा अमेरिकन चित्रपट नुकताच माझ्या पाहण्यांत आला. रसेल राउज यांनीं दिग्दर्शिलेल्या या चित्रपटाची कलाकृति म्हणून मोठीशी मातबरी नाहीं. आरोळ्या ठोकीत खडकाखडकांवरून उड्या मारणारे त्यांतले बास्क लोक पाहून हंसूं आवरत नाहीं. परंतु त्यांत एक प्रश्न असा अडकून बसला आहे कीं, चित्रपट विसरला तरी तो विसरतां येत नाहीं.

१८४७ सालीं बास्क कुटुंबांचा एक तांडा गाड्यांतून कॅलिफोर्नियाकडे निघाला आहे. मायदेशच्या द्राक्षवेली त्यांनीं जिवापलीकडे जपून बरोबर घेतल्या आहेत. वाटेंत गाब्रिएलचा पति मरण पावतो, आणि कुलरीतीप्रमाणें तिनें दिराशीं लग्न करावें असें ठरतें. तिचें मन मात्र तांड्याच्या अमेरिकन वाटाड्याकडे ओढ घेत असतें. वेल आणि विधवा, दोन्ही एकाच तांड्यांतून चाललेला वारसा! वेल वाळूं द्यावयाची नाहीं हें जर योग्य, तर विधवा घराबाहेर जाऊं द्यावयाची नाहीं हें अयोग्य कां?

या रीतीचा उपहास करण्याची घाई करूं नये. निराधार स्त्रीला अन्न, नांव आणि छप्पर देण्याची ती एक सोय होती. जुन्या करारांत ती आज्ञारूपानें आहे. आपल्याकडे नियोग हा तिचाच आप्त. पण महाभारतकारांची दृष्टि पाहा. वंश राखण्यासाठीं सत्यवती आपल्या विधवा सुनांकडे व्यासांना पाठविते. अंबिका भयानें डोळे मिटते आणि धृतराष्ट्र आंधळा जन्मास येतो. वंश राहिला, परंतु जिच्या इच्छेवांचून तो राखला, तिचे मिटलेले डोळे त्या वंशाच्या कपाळीं आले.

बास्क इतिहासांत या प्रश्नाचें याहून कठोर रूप आढळतें. तेथें घर हें माणसांहून वडील. ‘एचेबेरिया’ या आडनांवाचा अर्थच ‘नवें घर’ असा आहे. शेतीचे तुकडे पडूं नयेत म्हणून घर एकाच वारसाकडे जाई. कांहीं प्रांतांत तर पहिलें अपत्य मुलगी असली तरी तीच वारस. उरलेल्यांनीं चर्चची, समुद्राची, नाहीं तर अमेरिकेची वाट धरावी. १८४८ मध्यें कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्यावर जे बास्क तेथें गेले त्यांतले पुष्कळसे दक्षिण अमेरिकेंतून आले, आणि पुढें सोन्यापेक्षां मेंढ्यांच्या मागें लागले. म्हणजे घराची अखंडता ज्यांच्या खर्चानें राखली गेली, ते घरांत नव्हतेच.

आतां वेलीकडे वळूं. द्राक्षवेल फांदीपासून लावतात. नवी वेल म्हणजे जुनीचाच तुकडा. परंपरेचे अभिमानी माणसाकडूनहि हेंच मागतात. माणूस मात्र बीजापासून होतो. ज्याच्या छायेंत बिस्कायच्या हक्कांच्या शपथा घेतल्या जात, तो गेर्निकाचा ओक वाळला कीं त्याच्याच बीजापासून वाढविलेलें झाड त्याच्या जागीं येतें, आणि बास्क लोक त्याला तोच ओक म्हणतात! शिवाय वेल तरी शुद्ध राहिली कोठें? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा किडीनें फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हां अमेरिकन मुळांवर कलम बांधूनच फ्रेंच द्राक्ष वांचविलें गेलें.

माझे एक सहकारी म्हणतात, निवडीची मुभा दिली तर वारसा एका पिढींत संपेल. संपेलहि, ही भीति खोटी नाहीं, आणि तिच्यावर माझ्याजवळ उपाय नाहीं. पण जो वारसा अनिच्छेवर जगतो, त्याची किंमत कोण भरतें हें त्यानें उघड सांगावें, एवढीच माझी मागणी आहे. चित्रपट स्वतः या कसोटीस उतरत नाहीं. बास्कांच्या वेलीला त्यांत मान आहे. ज्यांच्या भूमींतून तांडा जातो ते मूळ रहिवासी केवळ मारण्यासाठीं आणि मरण्यासाठीं येतात. त्यांच्याहि घरांना वारस होते.

नेव्हाडा आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत ॲस्पेन वृक्षांच्या पांढऱ्या सालींवर एकाकी बास्क मेंढपाळांनीं कोरलेलीं नांवें अजून दिसतात. कित्येकांनीं वर्षहि घातलें आहे, कित्येकांनीं आपलें गांव. ॲस्पेन फार काळ जगत नाहीं. झाडें पडत चाललीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर तीं नांवेंहि.