आमच्या घराची तुळई

चोर कोण, हा प्रश्न सोपा वाटतो. ज्याच्यापाशी माल सापडला तो चोर. दहावीत असताना मलाही तसंच वाटायचं. पण शाळेनं एका दिवसात आम्हाला तीन ठिकाणी फिरवलं आणि संध्याकाळी तो प्रश्न माझ्या मागोमाग घरात आला. तो अजून गेलेला नाही.

साल १९७६. मृगाचा पाऊस पडून गेला होता. आमचे नागरिकशास्त्राचे सर हौशी होते. पुस्तक पाठ करून कुणी नागरिक होत नाही, असं म्हणायचे. त्यांनी आम्हा पोरांना सकाळच्या एस्टीनं तालुक्याला नेलं. सकाळी कोर्ट, दुपारी देवराई आणि नंतर वनखात्याची रोपवाटिका. भाकरी फडक्यात बांधून घेतलेली.

कोर्ट म्हणजे राजवाड्यासारखं काहीतरी असेल असं वाटलं होतं. निघाली साधी कौलारू इमारत. आम्ही मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसलो. दोन खटल्यांना नुसत्या तारखा पडल्या. मग पुकारा झाला आणि आत आला तो आमच्याच वाडीवरचा कातकरी. राखीव जंगलातला ऐन तोडल्याचा गुन्हा. टेबलावर त्याची कुऱ्हाड, दांड्याला चिठ्ठी बांधलेली. तोच मुद्देमाल. १९२७ च्या वन कायद्याखालचा आरोप वाचून झाल्यावर साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का?

"हाय."

कशासाठी तोडलंस?

"चुलीसाठी."

चुलीसाठी कुणी अख्खा ऐन पाडत नाही. साहेबांनाही ते कळलं असावं, पण त्यांनी पुढं विचारलं नाही. पन्नास रुपये दंड, न भरल्यास आठ दिवस कैद. आमच्याकडं तेव्हा गड्याचा रोज तीन रुपये होता. बाहेर जाताना त्याची नजर माझ्यावर पडली. त्यानं ओळख दाखवली नाही. मीही मान खाली घातली.

कारण त्याच उन्हाळ्यात आमचं घर बांधून झालं होतं. सोप्यावरची तुळई ऐनाची. त्यानंच पाडलेली. रात्री बैलगाडीत कडब्याखाली घालून ती आणली, तेव्हा गाडीवर आबांच्या शेजारी मीच बसलो होतो. दुसऱ्या लाकडाच्या खेपेला तो सापडला. आबांचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही.

दुपारी देवराईत गेलो. बाहेर उघडा माळ आणि आत शिरलं की दिवसा अंधार. वेलींचे पिळे माणसाच्या मांडीएवढे. सरांनी विचारलं, इथं ना गार्ड ना कुंपण, मग झाडं कशी राहिली? एक पोरगा म्हणाला, देवीच्या भ्यानं. तिथले म्हातारे गुरव हसले. म्हणाले, "भ्या तर हायच. पन राई गेली तर खालचा झरा आटंल, आन मग पानी कुनाचं प्यायाचं?" मग सरांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातली गोष्ट सांगितली. आरमाराला लाकूड हवंच, पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावायचा नाही. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मग तोडायचं. राजानंसुद्धा विचारायचं!

मी मनात म्हणालो, आंब्याला मालक होता म्हणून त्याला विचारता आलं. त्या कातकऱ्यानं कुणाला विचारायचं होतं? त्याचे वाडवडील ज्या रानात हिंडले, ते रान कागदावर सरकारचं झालं होतं. आणि आम्ही तरी कुणाला विचारलं होतं?

रोपवाटिकेत फॉरेस्टरसाहेबांनी सागाची लागवड दाखवली. वर्षाचं रोप उपटायचं, बोटभर खोड आणि वीतभर मूळ ठेवून बाकी छाटायचं. त्याला ते 'स्टंप' म्हणतात. पाऊस लागला की तो जमिनीत खोचायचा. आम्ही प्रत्येकानं पाच-पाच लावले. हे लाकूड कामाला कधी येणार, असं कुणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, "साठ-सत्तर वर्षांनी. तुम्ही लावायचं, नातवांनी वापरायचं."

रात्री जेवताना वर बघवेना. शेवटी आबांना सगळं सांगितलं. ते घास थांबवून म्हणाले, "पैकं दिलं व्हतं की त्याला." थोड्या वेळानं म्हणाले, "दंडाचंबी देऊ." दिले असतील, मी विचारलं नाही. पण पैशानं दंड फिटला तरी चोर हे नाव त्याच्याच अंगावर राहिलं. गावात काही हरवलं की पहिली झडती त्याच्या झोपडीची व्हायची. आमच्या घराला सगळे 'पक्कं घर' म्हणायचे.

कायदा वाईट होता असं मी म्हणत नाही. कायदाच नसता तर आमच्यासारख्यांनी डोंगर बोडका केला असता. पण कायद्यानं हात धरला आणि त्या हाताला काम सांगणारा मागच्या बाकावर बसून राहिला. न बोलण्याला कुठलं कलम लागत नाही.

२००६ साली वनहक्काचा कायदा आला. मी साठी ओलांडल्यावर एक दिवस त्या कातकऱ्याचा मुलगा घरी आला. बाप केव्हाच गेलेला. जंगलातल्या त्यांच्या तुकड्यासाठी त्यानं वनहक्क समितीकडं दावा केला होता. पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत एकच कागद, बापाच्या दंडाची पावती. कोर्टाचा कागद या कायद्यात पुरावा म्हणून चालतो. ज्या कागदानं बाप चोर ठरला, तोच कागद आता हे कुटुंब त्या रानातलं आहे असं सांगत होता.

"काका, गावातल्या जाणत्या मानसाचा जबाबबी लागतोय. तुमी द्याल का?"

मी लिहून दिलं. हे कुटुंब माझ्या लहानपणापासून इथं आहे, मी पाहिलं आहे. मग खाली आणखी एक ओळ लिहिली : सदर लाकूड आमच्या घरासाठी तोडले होते. समितीतला पोरगा वाचून म्हणाला, "आजोबा, ह्याची काही गरज नाही. दाव्याशी संबंध नाही याचा."

म्हटलं, असू दे. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नव्हतं.