शेरूचा तास

कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये शेरू नावाचा तीन वर्षांचा जर्मन शेफर्ड होता. संध्याकाळ झाली की तो स्वतःच्या शेपटीमागे गरागरा फिरायचा. सुरुवातीला सगळे हसले, मोबाइलवर व्हिडिओ काढले. मग शेपटीचं टोक चावून चावून रक्ताळलं, तेव्हा घरात ओरडा सुरू झाला. ओरडलं की तो आणखी जोरात फिरे.

डॉक्टरांनी आधी त्याची कातडी, कंबर, शेपटीचं मूळ तपासलं, फिट येते का तेही विचारलं. शरीरात दोष सापडला नाही.

"फिरायला किती नेता?"

"सकाळी दहा मिनिटं. खाली, शी-शूपुरतं," बाबा म्हणाले.

"ही जात १८९९ साली जर्मनीत मेंढरं राखायला घडवली. दिवसभर कळपाभोवती पळणारं जनावर आहे हे. हेलसिंकी विद्यापीठाने २०२२ मध्ये चार हजारांहून जास्त कुत्र्यांची माहिती तपासली. रोज तासाभराहून कमी व्यायाम मिळणाऱ्यांत असले चाळे जास्त दिसले. मी गोळी देतो. गोळीने तो थांबेल, पण थांबून त्याने करायचं काय?"

"वेळच नसतो हो, डॉक्टर."

"त्याच्याकडे मात्र दिवसभर वेळच आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबा आणि मुलगी त्याला वेताळ टेकडीवर घेऊन गेले. उन्हाळा होता, रस्ता तापायच्या आत परतायचं. लवकर दमावा म्हणून मुलगी सारखा चेंडू फेकायची. काही दिवसांत शेरू चेंडूसाठीही तसाच पिसाटला. डॉक्टरांनी चेंडू बंद करवला. "एका वेडाच्या जागी दुसरं नको. चढ चढू दे, वास घेऊ दे." एकेका झुडपापाशी पाच-पाच मिनिटं थांबणं हे पळण्याइतकंच मोठं काम असतं, हे माणसाला पटायला वेळ लागतो. बाबांनाही लागला, पण त्यांनी पट्टा ओढणं सोडलं. संध्याकाळी मुलगी घरभर भाकरीचे तुकडे लपवू लागली आणि शेरू ते हुंगत शोधू लागला. तो फिरायला लागलाच, तर कुणी हसत नसे, रागावत नसे.

गोळी चालूच होती. हळूहळू जखम भरली, शेपटीवर केस आले.

जुलैत पावसाची झड लागली. टेकडीवर जाणं बुडालं, आणि दोन दिवसांनी शेरूने दिवाणखान्यात पुन्हा एक गिरकी घेतली. बाबांनी लॅपटॉप मिटला, रेनकोट चढवला.

"बाबा, केवढा पाऊस आहे!"

"हो. छत्री राहू दे, पट्टा धरायला हात मोकळा हवा. चल."