जय कोणाचा, पराजय कोणाचा?

फातोर्ड्याच्या क्रीडांगणावर ज्याने एखादी सायंकाळ काढली आहे, त्यास प्रस्तुतचा प्रश्न परका वाटणार नाही. खाली अकरा खेळाडू घाम गाळीत असतात, आणि वर बसलेले सहस्रावधी लोक, ज्यांनी चेंडूस पायही लावलेला नसतो, ते घरी परतताना 'आपण जिंकलो' असे म्हणतात. हे 'आपण' म्हणजे कोण? ज्या कर्मात आपला हात नाही, त्याच्या फळाने मनुष्याने हर्षित वा दुःखी व्हावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु आमच्या पाहण्यात अशी घरे आहेत की जेथे एका गोलापायी जेवणाची पाने तशीच राहिली आणि सख्ख्या भावांचा दोन दोन दिवस अबोला झाला. सबब त्याचा विचार करणे आम्हांस अस्थानी वाटत नाही.

आपल्या मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्यास वगळावयाचे असेल तर 'आम्ही', आणि त्यासही पोटात घ्यावयाचे असेल तर 'आपण'. विजयाच्या रात्री वाटेत भेटलेल्या अनोळखी मनुष्यासही आपण हे 'आपण' सढळ हाताने वाटतो. पराभवाच्या रात्री मात्र तेच तोंड 'त्यांना खेळता येत नाही' असे बोलू लागते. हा दोष एकट्या गोमंतकाचा आहे असे कोणी समजू नये. 1976 साली रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील विद्यापीठांत याच गोष्टीचा शोध घेतला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे अधिक प्रमाणात घालीत, आणि जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना 'आम्ही' हा शब्द अधिक वापरीत, असे त्यांस आढळले. (तो फुटबॉल निराळा, हातात धरून पळण्याचा, परंतु मन तेच.) लेख लिहिताना स्वतःस 'आम्ही' म्हणण्याची रीत आहे, तीही या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे; पण तूर्त ते असो.

हर्ष आणि शोक किती जवळजवळ राहतात, याचे उदाहरण वडील मंडळी नेहमी सांगतात. दि. 5 डिसेंबर 2004 रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना झाला. डेंपो संघाने मोहन बागानचा 2-0 असा पराभव केला, आणि ते दोन्ही गोल क्रिस्तियानो ज्युनिअर या ब्राझीलच्या तरुणाने केले. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. तो खाली पडला आणि त्यातच त्याचा अंत झाला. चषक गोव्यास आला. त्याच मोसमात डेंपोने राष्ट्रीय लीगही जिंकली. आमचा तेव्हा जेमतेम जन्म झाला होता. परंतु पुढे ज्यांच्या ज्यांच्या तोंडून हा सामना आम्ही ऐकला, त्यांतील एकानेही प्रथम '2-0' असे म्हटले नाही. प्रथम त्या मुलाचे नाव येई. सात समुद्रांपलीकडचा मुलगा. परंतु त्याच्यासाठी येथील म्हाताऱ्यांचे डोळे अजून भरतात. हे दुःख खोटे आहे असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

आता आमच्या स्वतःच्या अपराधाकडे येतो. दि. 20 डिसेंबर 2015 रोजी फातोर्ड्यास एफ. सी. गोवा आणि चेन्नईयिन यांचा इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. आदल्या दिवशी एका गृहस्थांनी देवापुढे कौल लावण्याचा आग्रह धरला. तेव्हा आमचे तीर्थरूप, जे पूजेस असतात, हसून म्हणाले, "अहो, देवळे चेन्नईतही आहेत!" आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि मामांसमवेत सामन्यास गेलो होतो. 87 व्या मिनिटास जोफ्रेने गोल केला आणि गोव्याने 2-1 अशी आघाडी घेतली. त्या क्षणाचे वर्णन आम्ही करू शकत नाही. शेजारच्या परक्या मनुष्याने आम्हांस उचलून घेतले होते एवढे स्मरते. नंतर 90 व्या मिनिटास चेंडू गोव्याच्याच जाळ्यात गेला, आणि गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी याच्या नावे स्वयंगोल नोंदला गेला. जादा मिनिटांत मेंडोझाने तिसरा गोल केला. सारे संपले.

त्याच गोलरक्षकाने त्याच सायंकाळी पेनल्टी अडविली होती, आणि तेव्हा आम्ही त्याच्या नावाचा घोष केला होता. तरीही स्वयंगोलानंतर आम्ही उभे राहून त्यास उद्देशून जो शब्द उच्चारला, तो या पत्रिकेत छापण्यासारखा नाही. मामा खाली पाहू लागले. पुढच्या ओळीत एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ होते, ते मागे वळून शांतपणे एवढेच म्हणाले, "पुता, तो आमचोच भुरगो." मडगावाहून घरी येईपर्यंत मामा आमच्याशी बोलले नाहीत.

घरी थोरल्या काकांनी उपदेश केला, तो असा: जे आपल्या हाती नाही त्यात मन गुंतवणे हाच मुळी मोह, जय-पराजय समान मानावेत, म्हणजे असा प्रसंगच येत नाही. हा उपदेश आम्ही पुष्कळ वर्षे मनात घोळविला, आणि तो आम्हांस पुरता पटलेला नाही. काकांनी जन्मात एक सामना पाहिलेला नाही. ज्यास हार-जितीचे काही वाटतच नाही, त्याची स्थिरता ही समबुद्धी कशी म्हणावी? देवळाच्या पायरीचा दगडही स्थिरच असतो. समत्वाची किंमत ज्याचे मन गुंतले आहे त्यालाच द्यावी लागते. शिवाय, जे आपल्या हाती नाही त्यात मन गुंतवू नये असे ठरले, तर आईने परगावी परीक्षेस बसलेल्या मुलाची काळजी करणेही सोडावे लागेल. 2016 साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही संघ आय-लीगमधून बाहेर पडले, तेव्हा कित्येकांच्या आठवड्याचा आधारच गेला. डेंपो पुन्हा त्या स्पर्धेत उतरला तो 2024-25 साली. तोवर ज्यांनी वाट पाहिली त्यांस मोहग्रस्त म्हणून मोकळे व्हावे, हे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आमच्या मते दोष दुःखात नव्हता. दुःख कोणाच्या अंगावर टाकावे, यात होता. विजयात त्या मुलाचे श्रम आम्ही आपले म्हणून घेतले, आणि त्याची चूक मात्र एकट्याच्या पदरात टाकली. असा व्यवहार बाजारात कोणी केला तर त्यास आपण लबाड म्हणतो.

दि. 20 मार्च 2022 रोजी पुन्हा फातोर्ड्यासच अंतिम सामना झाला. गोव्याचा संघ त्यात नव्हता. हैदराबाद आणि केरळ ब्लास्टर्स यांची 1-1 अशी बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टींवर गेला. हैदराबादच्या गोलात कट्टीमणी उभा होता. मैदान तेच. त्याने तीन पेनल्टी अडविल्या आणि हैदराबाद 3-1 ने जिंकले. आम्ही घरी दूरचित्रवाणीपुढे होतो; केव्हा उठून उभे राहिलो आणि काय ओरडलो, ते ध्यानी आले नाही. ओसरीवर तीर्थरूप आडवे झाले होते, ते जागे झाले व त्यांनी आतून विचारले, "काय रे, आपण जिंकलो का?"

हैदराबादशी आमचा काडीइतकाही संबंध नाही. आम्ही "हो, बाबा" म्हणालो आणि आवाज कमी केला.