तीन पाळ्यांचं पाणी

निफाड तालुक्यातल्या एका गावात दोघे भाऊ होते. वडिलांनी दोघांना एकेक एकर काळं रान वाटून दिलं. विहीर मात्र एकच. त्या साली पाऊस कमी झाला होता. वडील म्हणाले, "दोघांच्या गव्हाला तीन-तीन पाळ्या पुरतील, चौथी नाही. आपापला वाटा विचारानं वापरा."

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात दोघांनी वाफशावर एकाच वाणाचा गहू पेरला. थोरल्याला घाई फार. त्यानं सगळा युरिया पेरतानाच टाकला, उगवणीनंतर आणखी एक गोणी फेकली आणि महिनाभरात तिन्ही पाळ्या देऊन टाकल्या. पिकाला अशी काळोखी आली, की येणारे-जाणारे बांधावर थांबून बघायचे.

धाकट्यानं पेरताना स्फुरद आणि पालाश पूर्ण दिलं, नत्र मात्र निम्मंच. 21 व्या दिवशी, मुकुटमुळं फुटायच्या वेळेला, पहिलं पाणी दिलं आणि उरलेलं नत्रही तेव्हाच. दुसरी पाळी 42 व्या दिवशी, गहू कांडी धरत असताना. त्याचं रान थोरल्याच्या रानापुढं फिकं दिसायचं. लोक म्हणायचे, "पाणी सोड की!" पण तिसरी पाळी त्यानं राखून ठेवली.

साठ दिवस उलटले, ओंब्या फुलोऱ्यात आल्या. 65 व्या दिवशी धाकट्यानं शेवटचं पाणी भरलं. थोरल्याच्या गव्हाचा पाला भारी, म्हणून तहानही भारी. पण वाटा संपलेला. फेब्रुवारीत ऊन तापलं आणि त्याच्या ओंब्यांत दाणा भरलाच नाही.

मळणी झाली. थोरल्याकडे गव्हांड्याचा ढीग मोठा, दाणा मात्र बारीक, सुरकुतलेला. धाकट्याची पोती कितीतरी जास्त भरली.

थोरला म्हणाला, "पाणी याच्याइतकंच दिलं, खत तर जास्तच घातलं. मग असं का झालं?"

वडील म्हणाले, "पोरा, तू पाला पोसलास, दाण्यासाठी काही राखलं नाहीस. दाणा भरताना रानात ओल नसेल, तर आधी घातलेलं खत कामी येत नाही. किती दिलं हे तू मोजलंस, कधी द्यायचं हे यानं पाहिलं."

तात्पर्य : नुसतं भरपूर देऊन पीक येत नाही. थोडकं असलं तरी गरजेच्या वेळी द्यावं, म्हणजे ते पुरतं आणि फळतं.