तपासनीस नेमला म्हणजे आपले कर्तव्य संपले काय?

लेकरांच्या शाळांवर व आश्रमांवर सरकारने तपासनीस नेमावेत की नाहीत, हा प्रश्न पुष्कळ लोक अधिकाराचा समजतात. आमच्या मते तो प्रथम नीतीचा आहे. ज्याने दुसऱ्याचे लेकरू आपल्या छपराखाली घेतले, त्याने आपला हेतू शुद्ध आहे एवढे सांगितल्याने भागते काय?

ही तपासणी आपल्याकडे नवी नाही. 1854 च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर, 1855 साली, मुंबई इलाख्यात विद्याखाते सुरू झाले व शाळा तपासण्यास अधिकारी नेमले गेले. रत्नागिरीस शिक्षक असलेले गंगाधर रामचंद्र टिळक, म्हणजे लोकमान्यांचे वडील, 1866 साली असिस्टंट डेप्युटी इन्स्पेक्टर होऊन पुण्यास गेले. अशा अधिकाऱ्यास लोक ‘दिपोटी’ म्हणत. त्याच खलित्याने मिशनच्या शाळांनाही अनुदानाची वाट मोकळी केली. अट ही की शाळा तपासू द्यावी, आणि तपासनिसाने धर्मशिक्षणात हात घालू नये. ही अट न्यायाची होती.

तथापि पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान ठरू लागले, तेव्हा दिपोटीच्या भेटीचा दिवस हाच शाळेचा मुख्य दिवस होऊन बसला. पाठांतर मोजले गेले. मूल उपाशी आहे की भ्यालेले आहे, हे मोजण्यास वहीत रकाना नव्हता.

आजचा कायदा अधिक सावध आहे. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे निराधार मुलांना ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने, मग ती सरकारी पैसा घेवो वा न घेवो, नोंदणी केली पाहिजे. तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी तेथे जावे, निदान तिघांनी जावे, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असावा, आणि आठवड्याच्या आत अहवाल द्यावा, असा नियम आहे. परंतु नियमाने डोळे मिळत नाहीत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या मंडळींनी बिहार सरकारच्या सांगण्यावरून तेथील आश्रयगृहे तपासली व मुलांशी स्वतः बोलणे केले. 2018 साली त्यांच्या अहवालातून मुजफ्फरपूर येथील मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. जानेवारी 2020 मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने 19 जणांस दोषी ठरविले. त्यांत जिल्ह्याचा बालसंरक्षण अधिकारीही होता. राखणदार म्हणून नेमलेलाच अपराधी निघाला!

मग तपासनीस व्यर्थ आहेत काय? मुळीच नाहीत. ज्यांनी हे उघड केले तेही तपासण्यासाठीच नेमलेले होते. भेद इतकाच की ते बाहेरचे होते, आणि त्यांनी चालकाची वही पाहून न थांबता मुलींचे ऐकून घेतले. म्हणून नेमणूक करताना तपासनिसाच्या पदवीबरोबर हेही पाहावे की, ज्याची तपासणी करावयाची त्याच्याशी त्याचे लागेबांधे नाहीत, तो न कळविता जातो, आणि मुलांशी एकांतात बोलतो.

कोणी म्हणेल, सेवाभावी माणसावर असा अविश्वास दाखविणे हा त्याचा अपमान आहे. बंधूंनो, मंडळीच्या खजिनदाराची वही दरवर्षी दुसरा मनुष्य तपासतो, त्यात कोणी अपमान मानतो काय? पौलाने गरिबांची वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला सोबती बरोबर घेतला, तो आपल्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणूनच. पैशासाठी जी सावधगिरी आपण शहाणपणाची मानतो, ती लेकरासाठी जाच कशी ठरेल? आपल्या वसतिगृहांनी तर दार आधी उघडावे.

राहिले आपले कर्तव्य. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरविले आहे. कोकणात कित्येक घरचे पुरुष चाकरीसाठी मुंबईस असतात; तेव्हा हे काम बहुधा आयाबहिणींवर व आजी-आजोबांवर येते. त्यांनी केवळ सहीपुरते न जाता शाळेचे स्वयंपाकघर पाहावे, पाणी पाहावे, आणि घरी आलेल्या मुलाला ‘आज काय शिकलास’ ह्याबरोबर ‘कोणी त्रास तर देत नाही ना’ हेही विचारावे. मूल बोलू लागले तर त्याला गप्प करू नये. सरकारी अधिकारी अधूनमधून येणार. रोजची राखण आपल्यालाच केली पाहिजे.