नवस आणि न संपणारे दुखणे

वास्कोच्या श्री दामोदराचा भजनी सप्ताह नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे साथ पसरली, भाविकांनी जांबावलीच्या दामबाबाला साकडे घातले, तेथून नारळ आणून अखंड भजन मांडले आणि साथ ओसरली, असे परंपरा सांगते. साथीला अंत असतो. तिच्यासाठी बोललेला नवस फेडता येतो. ज्या दुखण्याला अंतच नाही, त्याचा नवस कोणत्या दिवशी फेडावा?

आमच्या मनात आहे तो मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. बहुधा ऐन तारुण्यात तो जडतो. रक्त पडते, दिवसातून दहादहा वेळा उठावे लागते. मग औषधाने काही महिने, कधी काही वर्षे शांतता लाभते, आणि काही अपराध नसता तो पुन्हा उफाळतो. १९५५ साली ट्रूलव्ह आणि विट्स यांनी कॉर्टिझोनचा गुण सिद्ध केला, तेव्हापासून तीव्र झटक्यातील मृत्यू पुष्कळ घटले. मूळ कारण मात्र अद्याप पुरते उलगडलेले नाही. आतडेच काढून टाकणे हा शेवटचा उपाय उरतो. त्याला बरे होणे म्हणावे काय, हे रोग्यालाच विचारावे!

दुखणे उलटले की घरची माणसे विचारतात, पथ्य मोडलेस का? नवस अर्धवट राहिला का? प्रश्न मायेपोटी येतो; तरी त्यात निवाडा दडलेला असतो, आणि रोगी पोटाबरोबर संशयही सोसतो. कर्मसिद्धान्त स्वतःचे आचरण तपासण्यासाठी आहे. शेजाऱ्याच्या आतड्याचा हिशेब त्याने मांडू नये. याहून घातक म्हणजे, बरे वाटताच देव पावला असे समजून गोळ्या सोडून देणे. शांततेच्या काळातही औषध लागते. दाह फार पसरलेला असल्यास सुमारे आठ वर्षांनंतर, कर्करोगाच्या शंकेने, वेळोवेळी दुर्बिणीची तपासणीही लागते.

सप्ताहाकडेच पाहावे. ती साथ केव्हाच गेली, तरी भजन थांबले नाही. दर वर्षी जुना नारळ समुद्रात विसर्जित होतो आणि नवा ठेवला जातो. चोवीस तास एकच गळा गात नाही, मंडळ्या पाळीपाळीने बसतात. असे नित्य नवे होणारे व्रत या रोग्याला अधिक जवळचे वाटावे. तरीही तो उत्सवाला आला नाही, तर त्याला अश्रद्ध ठरवण्यापूर्वी मंडपापासून शौचकूप किती लांब आहे, एवढे देवस्थानच्या मंडळींनी एकदा चालून पाहावे.