वीरांगना आणि नगरसेविका

जबलपूर हे राण्यांचं शहर आहे. विद्यापीठ राणी दुर्गावतीच्या नावाचं, बर्गी धरणाचा जलाशय राणी अवंतीबाईच्या नावाचा. झाशीच्या राणीवरची जी कविता उत्तर हिंदुस्थानातली शाळकरी पोरं पिढ्यान्‌पिढ्या घोकत आली, ती लिहिणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरात संसार करून राहिल्या. तिन्ही राण्यांचा शेवट सारखाच. दुर्गावती 24 जून 1564 रोजी आसफखानाच्या मोगल फौजेशी लढताना गेली, रामगढची अवंतीबाई मार्च 1858 मध्ये, आणि लक्ष्मीबाई त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरला. त्यामुळे या मुलखात सत्ता चालवणारी बाई डोळ्यांपुढे आणायची तर ती घोड्यावरच येते, आणि घोड्यावरून पडेपर्यंतच तिचं राज्य असतं.

याच शहरात राणीताल, चेरीताल, आधारताल अशाही वस्त्या आहेत. परंपरा सांगते की पहिला तलाव दुर्गावतीचा, दुसरा तिच्या दासीच्या नावाचा आणि तिसरा आधारसिंह या तिच्या दिवाणाच्या नावाचा. नवरा दलपतशहा गेल्यावर दुर्गावतीने अल्पवयीन मुलाच्या नावाने दीडेक दशक गढा-मंडल्याचा कारभार पाहिला. त्यात लढाया होत्या, तसं पाणीही होतं. लढाईचे पुतळे झाले. पाण्याचं काम पोस्टाच्या पत्त्यांपुरतं उरलं. बाईने राजकारणात यावं का आणि कशाच्या बळावर, या प्रश्नाला इथे गेल्या शंभर वर्षांत जी उत्तरं मिळाली, त्यांच्या मुळाशी ही निवड आहे असं मला वाटतं.

सुभद्राकुमारींचंच पाहा. जन्म 1904 चा, अलाहाबादजवळच्या निहालपूर गावातला. 1919 मध्ये खांडव्याच्या लक्ष्मणसिंह चौहानांशी लग्न झालं आणि पुढे बिऱ्हाड जबलपुरात आलं. 1923 चा झेंडा सत्याग्रह याच शहरात पेटला. टाउन हॉलवर झेंडा लावण्यावरून सुरू झालेलं ते प्रकरण नागपूरला पोचलं आणि देशाचं झालं. जमनालाल बजाज त्यात तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेल सूत्रं हाती घ्यायला आले. नागपुरात या सत्याग्रहात पकडली गेलेली पहिली स्त्री म्हणजे सुभद्राकुमारी. विशीही ओलांडलेली नव्हती. 1942 मध्ये पुन्हा तुरुंग. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. या दोन तुरुंगवासांच्या मधे त्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेत निवडून गेल्या होत्या, आमदार म्हणून त्यांचं नागपूरला जाणं-येणं होतं, हे मात्र सांगावं लागतं. त्यांचा मृत्यूही त्याच रस्त्यावर झाला: 15 फेब्रुवारी 1948, नागपूरहून जबलपूरला परतताना, सिवनीजवळ मोटारीचा अपघात. शहराने महापालिकेच्या आवारात पुतळा उभारला, तोही कवयित्रीचा. आमदारीणबाईंचा नव्हे.

त्या विधानसभेकडे मराठी वाचकानेही एकदा बघायला हवं. 1935 च्या कायद्याने तिच्यात 112 जागा ठेवल्या होत्या, त्यांपैकी 3 स्त्रियांसाठी. प्रांत हिंदी-मराठी असा दुभाषी, राजधानी नागपूर. 1937 मध्ये सभागृहाच्या उपाध्यक्षपदी बसल्या त्या अनसूयाबाई काळे. त्या 1928 मध्येच सरकारनियुक्त सदस्य म्हणून प्रांतिक कौन्सिलात गेल्या होत्या आणि कायदेभंगाच्या वेळी ते सदस्यत्व सोडून बाहेर पडल्या होत्या. 1942 च्या चिमूर-आष्टीच्या उठावानंतर तिथल्या अत्याचारांची माहिती गोळा करणं, फाशीच्या कैद्यांसाठी धडपडणं हे त्यांचं काम. पुढे 1952 आणि 1957 ला नागपूरच्या खासदार. म्हणजे एकाच छताखाली मराठी बाई पीठासनावर आणि जबलपूरची हिंदी कवयित्री बाकावर, असं दृश्य स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी नागपुरात दिसत होतं. ते आपल्या आठवणीतून इतकं सहज कसं निसटलं?

माझ्या मते कारण असं. त्या पिढीच्या बायकांना राजकारणाचं दार उघडलं ते तुरुंगाने. गांधींच्या चळवळीने तुरुंगवासाला पावित्र्य दिलं, आणि उंबरठा ओलांडणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवायची सोय राहिली नाही. ही थोडीथोडकी गोष्ट नव्हती. पण त्यागावर मिळालेला हक्क त्यागाचा काळ सरला की सैल पडतो. युद्ध संपलं, वीरांगनेने घरी जावं. जबलपूर लोकसभा मतदारसंघाचंच उदाहरण घ्या. सेठ गोविंददासांनी दशकानुदशकं तो राखला, 1974 च्या पोटनिवडणुकीत तरुण शरद यादवांनी तो जिंकून देशाला चकित केलं, आपले बाबूराव परांजपे तिथून पुन्हा पुन्हा निवडून आले. बाई निवडून आली ती 1999 मध्ये, जयश्री बॅनर्जी. आणि त्यानंतर पुन्हा पुरुषच.

आयर्लंडमध्ये हीच गोष्ट जवळजवळ त्याच चालीने घडली. तुलना ओढूनताणून आणलेली नाही. मार्गारेट कझिन्स ही रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावची बाई मताधिकारासाठी तुरुंग भोगून 1915 मध्ये हिंदुस्थानात आली. 1917 मध्ये मद्रासला भारतमंत्री माँटेग्यूंपुढे स्त्रियांचं शिष्टमंडळ उभं करण्यात आणि 1927 मध्ये पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद भरवण्यात तिचा मोठा हात होता. तिच्या मायदेशात कॉन्स्टन्स मार्केविच ही खानदानी घरची बंडखोर. 1916 च्या उठावात बंदूक घेऊन उतरली, फाशीची शिक्षा झाली, बाई म्हणून ती जन्मठेपेवर आली. डिसेंबर 1918 मध्ये तुरुंगात असतानाच ब्रिटिश संसदेवर निवडून आलेली ती पहिली स्त्री. 1919 मध्ये आयरिश बंडखोर सरकारात कामगारमंत्री. आता यावर वाटेल की त्या देशात बायकांची रांगच लागली असेल. दुसरी स्त्री कॅबिनेट मंत्री व्हायला 1979 उजाडलं. साठ वर्षं! मधल्या काळात 1937 च्या राज्यघटनेत बाईचं घरातलं जीवन हाच राष्ट्राचा आधार, अशा अर्थाचं कलम घातलं गेलं, आणि सरकारी नोकरीतल्या बाईने लग्न झालं की नोकरी सोडायची हा नियम 1973 पर्यंत चालला.

1979 ला मंत्री झालेली मॉइरा गेगन-क्विन हिच्यात घोड्यावर बसवण्यासारखं काही नव्हतं. कॉनेमाराच्या खडकाळ किनाऱ्यावरचं कार्ना हे तिचं गाव, घराघरांत आयरिश बोलणारं. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वडील आमदार, ते गेले आणि 1975 च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी ती उभी राहिली. आपल्याकडच्यासारखीच वारशाची जागा. आयरिश संसदेत त्या काळच्या बऱ्याच बायका कुणाच्या ना कुणाच्या विधवा किंवा मुली होत्या. इथवर कुणाला तिचं कौतुक वाटू नये, आणि मलाही वाटत नाही. पण ती टिकली. गॉलवे वेस्ट या एकाच मतदारसंघातून 1997 पर्यंत निवडून येत राहिली. 1991 मध्ये आपल्याच पक्षाचे पंतप्रधान हॉही यांच्या विरोधात जाऊन तिने राज्यमंत्रिपद सोडलं. 1993 मध्ये न्यायमंत्री म्हणून समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा, इंग्रजांच्या वेळचा कायदा तिनेच काढून टाकला, आणि तोही कॅथलिक धर्मगुरूंचा शब्द अजून चालत असलेल्या देशात. आपल्याकडे त्याच घराण्यातलं 377 कलम या बाबतीत निष्प्रभ व्हायला 2018 साल लागलं आणि ते न्यायालयाने केलं, कुठल्या मंत्र्याने नव्हे. वारशाने आलेली बाई सरावाने राजकारणी झाली, एवढंच तिचं चरित्र. मला ते मार्केविचच्या चरित्राहून अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण मार्केविचचं चरित्र दुसऱ्या कुणाला गिरवता येत नाही.

सराव मिळायचा तर आधी जागा हवी. आणि इथे आपल्याकडचा एक चमत्कारिक इतिहास आहे: राखीव जागा नाकारल्या त्या बायकांनीच. 1930 च्या सुमारास महिला संघटनांची मागणी सरसकट मताधिकाराची होती. स्त्री म्हणून वेगळी सवलत नको, असं त्यांनी इंग्रज सरकारला कळवलं होतं. तरी 1935 च्या कायद्याने राखीव जागा दिल्याच. संविधान सभेत रेणुका राय आणि हंसा मेहता यांनी पुन्हा तेच बजावलं. आपण तुरुंगात बरोबरीने गेलो, तर सभागृहातही बरोबरीने जाऊ, हा त्यामागचा भरवसा. मानी भूमिका होती, आणि ती चुकली. 1974 च्या ‘समानतेकडे’ या अहवालात स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या सरकारी समितीच्या बहुमताने विधिमंडळातलं आरक्षण पुन्हा नाकारलं, तेव्हा वीणा मजुमदार आणि लोतिका सरकार यांनी वेगळं मत नोंदवलं. देशभरची आकडेवारी आणि खेड्यातल्या बाया पाहून आल्यावर त्यांचा जुना भरवसा उरला नव्हता.

पुढचं वेगाने झालं. 1992-93 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना दिल्या. त्यानुसार सर्वांत आधी, 1994 मध्ये, पंचायत निवडणुका घेणाऱ्या राज्यांत मध्य प्रदेश होता. पुढे तिथे आणि महाराष्ट्रातही हे प्रमाण निम्म्यावर गेलं. जबलपूर जिल्ह्यातल्या सिहोरा, पाटण, कुंडमच्या गावांत, ज्या घरातून कुणी तुरुंगात गेलं नव्हतं की गादीवर बसलं नव्हतं, त्या घरातली बाई सरपंच झाली. तिच्यामागे ‘सरपंच पति’ही आला: सह्या तिच्या, खुर्ची त्याची. शहरात ‘पार्षद पति’. यावर हसणारे लोक कार्नाच्या मास्तरीणबाईंची सुरुवात कशी झाली ते विसरतात. नवऱ्याच्या आडून का होईना, बाई ग्रामसभेत बसली, हँडपंप कुणाच्या दारात बसवायचा यावरचं भांडण तिने ऐकलं, मजुरीची हजेरी कशी फुगवतात ते तिला कळलं. हे शिक्षण कुठल्याच पुतळ्यापाशी मिळत नाही.

2015 मध्ये जबलपूरचं महापौरपद स्त्रीसाठी राखीव होतं आणि डॉ. स्वाती गोडबोले निवडून आल्या. इंदूरलाही तेव्हाच मालिनी गौड महापौर झाल्या, एका दिवंगत मंत्र्याच्या पत्नी. त्यांच्याच काळात, 2017 मध्ये, इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरलं. घंटागाड्या, ओला आणि सुका कचरा, सफाई कामगारांच्या पाळ्या: यावर कुणी वीरश्रीचं काव्य लिहिणार नाही. पण दुर्गावतीच्या तलावांशी नातं सांगणारं काम कुठलं असेल तर ते हे आहे.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे आरक्षण फिरतं असतं. निवडणूक आली की सोडत निघते, आणि पाच वर्षांत ज्या बाईला आपल्या वॉर्डातलं प्रत्येक गटार पाठ झालं, तिचा वॉर्ड खुला होतो. पक्ष तिला तिकीट देत नाही, कारण त्यांच्या लेखी ती राखीव जागेची उमेदवार; खुली जागा म्हणजे पुरुषाची. शेजारच्या वॉर्डात नवी बाई येते आणि पहिल्यापासून शिकायला लागते. 2022 मध्ये जबलपूरचं महापौरपद खुलं झालं आणि पुरुषाकडे गेलं. गेगन-क्विनला एकाच मतदारसंघात बावीस वर्षं मिळाली, त्यातली न्यायमंत्रिपदाची आली ती अठरा वर्षांनंतर. आयर्लंडने 2012 मध्ये कायदा केला तो जागांचा नव्हे, उमेदवारीचा: पक्षाने सुरुवातीला 30 टक्के आणि 2023 पासून 40 टक्के तिकिटं बायकांना दिली नाहीत तर त्याचं निम्मं सरकारी अनुदान बंद. त्यात मतदारसंघ कुणाचाच हिरावला जात नाही. आपण 2023 मध्ये लोकसभा आणि विधानसभांसाठी 106 वी घटनादुरुस्ती केली, तीतही राखीव जागा प्रत्येक मतदारसंघ-पुनर्रचनेनंतर फिरत्या ठेवण्याचीच तरतूद आहे.